डाव्या खांद्याचा दस्ता

"फेकून द्या हो काका ते लाकूड. नवीन बसवू," चिटणीससाहेब म्हणाले, आणि वर चहाचा घोटही घेतला.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर रायफलचा दस्ता दोन तुकडे होऊन पडला होता. दस्ता म्हणजे रायफलचं सगळं लाकडी अंग. पुढे ज्यात लोखंडी नळी बसते ते आणि मागे जे खांद्याला टेकतं ते. या दोहोंच्या मध्ये, जिथे मूठ वळते, तिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं. कारागीर त्या जागेला मान म्हणतात. ती मानच तुटली होती. नेमबाजी क्लबच्या हॉलला रंग द्यायला आलेल्या लोकांनी काचेचं कपाट रिकामं न करता तसंच ओढलं, कपाट कललं, आणि शंभराहून जास्त वर्षांची ती रायफल फरशीवर आपटली. रंगवाल्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. कपाट रिकामं करून घ्यायचं काम चिटणीसांचं होतं, मग बोलणार कोण?

शेजारच्या खुर्चीत जुन्या हत्यारांचे एक तज्ज्ञ बसले होते. बाहेरून खास बोलावून आणलेले, हातात पांढरे मोजे. त्यांनी मागचा तुकडा उचलला, एक डोळा मिटून पाहिला आणि मान हलवली. "हा तसाही मूळचा राहिलेला नाही. मागून बघा, डावीकडे वाकलाय. कोणी तरी अडाण्याने कधी तरी वाकवून ठेवलाय, त्याशिवाय असा दिसणार नाही. मूळ नमुन्याप्रमाणे सरळ दस्ता मशीनवर कापून मिळतो. तो बसवा, रायफल पहिल्यासारखी दिसेल."

दस्तेकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो अडाणी म्हणजे ते स्वतः.

"वाकलेला नाही," ते म्हणाले. "वाकवलेला आहे. तीन सूत, डावीकडे, मोजून."

"तेच म्हणतोय मी," तज्ज्ञ हसून म्हणाले. "कशाला वाकवायचा?"

काकांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर क्लबच्या जुन्या अध्यक्षांचा फोटो होता. हीच रायफल उजव्या खांद्याला लावलेली, आणि मान अशी पिळलेली, की बघणाऱ्याला वाटावं यांना उसण भरलीय. पन्नास वर्षं त्या फोटोखालून माणसं ये-जा करत होती आणि एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं की बाबा, तुझी मान अशी का?

आता हे दस्तेकाका कोण, ते सांगायला हवं.

वय सत्तर. खरं नाव मतदारयादीत असेल, बाकी कुठे नाही. क्लबचं मैदान जिथे संपतं तिथल्या दोन खोल्यांत ते वाढले. वडील निशाणं लावायचे. म्हणजे लाकडी चौकटीवर कागद चिकटवायचा, गोळ्या झाल्या की काढायचा, भोकं मोजायला आत नेऊन द्यायचा. दस्तेकाकांना मात्र कागदापेक्षा लाकूड आवडलं, आणि पंधराव्या वर्षी ते गावातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्रींच्या हाताखाली गेले. मिस्त्रींनी पहिलं वर्षभर त्यांना एकच गोष्ट करायला लावली. दिव्यावर काजळी धरायची, ती लोखंडाला पुसायची, लोखंड लाकडात दाबायचं आणि उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लोखंड अडतंय. तेवढाच ठिपका पटाशीने खरवडायचा, आसपासचं काही नाही. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाब. एका दस्त्याला असं दोनदोनशे वेळा. काकांची नखं तेव्हा काळी झाली ती झालीच. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी हळूच चौकशी केली होती, मुलगा कोळशाच्या वखारीत तर नाही ना?

राग नाकावर. एका शिकाऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने तंबूची खुंटी ठोकली आणि फुटलेला दस्ता दुरुस्तीला आणला. काकांनी दुरुस्त केला, पण द्यायला तयार होईनात. "आधी माफी मागा." शिकारी म्हणाला, "तुमची कशाला?" काका म्हणाले, "माझी नाही, लाकडाची." त्या माणसाने दुकानात चार लोकांसमोर लाकडाची माफी मागितली. बायको असेपर्यंत ती असे किस्से ऐकून कपाळाला हात लावायची. ती गेली, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि मग काकांची थोरली बहीण, तीही एकटीच राहिलेली, त्यांच्याकडे राहायला आली. तिला सगळे ताई म्हणतात. शहात्तर वर्षांची, ताठ कण्याची, बोलायला कमी. आणि डावखुरी.

त्या दस्त्याची गोष्ट तिचीच आहे.

ताई सव्वीस वर्षांची होती तेव्हाची. वडिलांबरोबर कागद चिकटवायला मैदानावर जायची आणि सकाळी कोणी यायच्या आत चार गोळ्या मारून बघायची. एकदा अध्यक्षांनी पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं, ते चौकटीपाशी गेले, कागद बघितला आणि तिच्या हातात आणखी चार गोळ्या ठेवल्या. त्या वर्षी पोस्टाचा सामना तोंडावर आला होता. पोस्टाचा सामना म्हणजे प्रत्येक क्लबने आपापल्या मैदानावर गोळ्या मारायच्या, साक्षीदारासमोर गुण मोजायचे, सही करायची, आणि कागद पोस्टाने पाठवून द्यायचे. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. क्लबचे सगळ्यात चांगले नेमबाज म्हणजे अध्यक्ष स्वतः, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. नियमात बाई बसत नव्हती. कागदाला मात्र कोण बाई, कोण बुवा, काय कळतंय? ठरलं, नाव अध्यक्षांचं, गोळ्या ताईच्या.

अडचण एकच होती. ताई डाव्या खांद्यावरून मारायची, आणि सरळ दस्त्यावर गाल टेकला की तिचा डोळा निशाणाच्या रेषेबाहेर राहायचा. वीस वर्षांच्या दस्तेकाकांनी मिस्त्रींना विचारून, अध्यक्षांची परवानगी घेऊन, तो दस्ता वाकवला. मानेभोवती चिंध्या गुंडाळल्या, जवसाचं तेल कढवलं आणि पाऊण तास पळीपळीने ओतत राहिले. मग शिकंज्यात धरून, केसाकेसाने. लाकूड कुरकुरलं. काकांचा जीव टांगणीला लागला होता. पण तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा कमी, वाकलं आणि तसंच थंड झालं. ताईने गाल टेकला आणि एवढंच म्हणाली, "बसला."

दहा कागद, कागदाला एक गोळी. शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण. करंडक क्लबला आला. कागदांवर नाव अध्यक्षांचं, साक्षीदाराची सही तेव्हाच्या चिटणिसाची. अध्यक्ष ताईला म्हणाले, "पुढच्या वर्षी नियम बदलून घेतो, मग तुझं नाव घालू." पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं. नियम बदलला अकरा वर्षांनी. तोवर अध्यक्ष वारले होते, रायफल काचेच्या कपाटात गेली होती आणि दस्त्यावर दोन स्क्रूंनी पितळी पट्टी मारली होती: या रायफलने अध्यक्षांनी करंडक जिंकला. छान! अध्यक्षांना त्या वर्षी समोरचा माणूस ओळखू येत नव्हता, पण करंडक जिंकला.

काका हे कित्येकदा बोलायला निघाले होते. ताई दर वेळी म्हणायची, "जाऊ दे रे. मला तर आठवतही नाही." आणि तिने शपथ घातल्यामुळे ते मूग गिळून बसायचे. पण रायफल कपाटात होती तोवर एक समाधान होतं. कोणाला काही कळो न कळो, लाकडाला माहीत होतं. ते वाकडं लाकूड म्हणजे ताईची एकुलती एक खूण. आणि आता हा माणूस चहा पिता पिता म्हणतोय, फेकून द्या!

"मी दुरुस्त करतो," काका म्हणाले.

"अहो काका, बावीस दिवसांनी नव्या हॉलचं उद्घाटन आहे. मशीनवाल्याला सांगितलंसुद्धा मी. आणि दुरुस्तीच करायची तर ते नवीन चिकटद्रव्य येतं बघा, पाच मिनिटांत दगड होतो."

"पाच मिनिटांत दगड होतो तो तुमच्या डोक्याला लावा," काका म्हणाले. हे जरा जास्तच झालं हे त्यांनाही कळलं. पण चिटणीस घाबरट माणूस, आणि रायफल कोणामुळे पडली हे काका बाहेर बोलले तर काय, हा हिशेब त्यांच्या मनात झालाच. ते तज्ज्ञांकडे बघू लागले. तज्ज्ञ म्हणाले, "उद्घाटनाला मी येणारच आहे. सांधा पक्का असेल तर राहू द्या जुना. नसेल तर मशीनचा. निकाल मी देईन."

"लोखंड राहू दे इथेच," काका उठत म्हणाले. "त्याला परवाना लागतो. लाकडाला लागत नाही." दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ते घरी आले.

ताई दारातच होती. पुडकं उघडलं तेव्हा तिने एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. "म्हातारपणी नसते उद्योग. जाऊ दे की आता," आतून आवाज आला.

"जाऊ देणार नाही," काका ओरडले. "पन्नास वर्षं जाऊच दिलं!"

काम सोपं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी मानेत मुरवलेलं ते जवसाचं तेल आता काकांच्याच मुळावर आलं होतं. तेलकट लाकडाला सरस धरत नाही. आधी तेल बाहेर काढायचं. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप तुटलेल्या तोंडांना द्यायचा आणि वर मोठा बल्ब लावून ठेवायचा. उबेने तेल सुटतं आणि खडू ते पितो. पांढरा लेप संध्याकाळपर्यंत चहासारखा तपकिरी व्हायचा. तो खरवडायचा, नवा लावायचा. असे अकरा दिवस. खोलीभर जवसाचा वास. काका लेप देता देता एकटेच भांडत बसायचे. कधी चिटणिसाशी, कधी तज्ज्ञाशी, कधी मेलेल्या अध्यक्षांशी. "मूळ नमुना म्हणे! मूळ नमुना कारखान्याने काढला. माणसाच्या खांद्याला लागल्यावर तो कोणाचा होतो, हे कारखान्याला काय माहीत?" ताई शेजारच्या खोलीतून म्हणायची, "अरे, ते लाकूड बहिरं झालं असेल तुझ्या बडबडीने."

बाराव्या दिवशी लेप पांढराच राहिला. काकांनी मुठीएवढ्या भांड्यात सरस कढवला, आतून एक, दस्त्यासारखीच अक्रोडाची, खुंटी ठोकली, दोन्ही तोंडं जुळवली, शिकंजे आवळले. फुटताना एक चीप उडून गेली होती, तिथे जुन्याच रंगाचा तुकडा शोधून बसवला. मग सवयीप्रमाणे नळी बसते त्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणला. दोरा बरोब्बर मधोमध आला. काका खूश झाले. दोन दिवस सुकू दिलं. मग घासलं, तेलाचा हात दिला. सांधा असा बसला होता की नखाला लागत नव्हता. पट्टी काढून ठेवली होती, तिचे दोन स्क्रू एका डबीत.

दुपारी त्यांनी दस्ता ताईसमोर नेला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एकदा लावून बघ."

"मला काय करायचंय?"

"बघ तर. माझ्यासाठी."

"तुझं आपलं काहीतरीच." पण तिने हातातला टॉवेल बाजूला ठेवला, दस्ता घेतला आणि उभी राहिली. काकांना वाटलं होतं ती नुसता हातात धरेल. तिने पाय फाकवले, डावं कोपर वर आलं, दस्ता खांद्याच्या खोबणीत गेला, गाल टेकला. शहात्तर वर्षांची बाई कुठल्या कुठे गेली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईने दस्ता हळूच खाली घेतला.

"हा माझा नाही."

"म्हणजे काय?"

"माझा नाही म्हणजे नाही. गाल बसतोय, डोळा बाहेर राहतोय."

"अगं, तुझी मान आखडली असेल. वयाने..."

"आखडली असेल. गालाचं हाड तेच आहे."

काका दोरा घेऊन आले. मागच्या टोकापासून पुढे ताणला. दोरा मधोमध. अगदी मधोमध. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मधोमध येताच कामा नये होता. तो तीन सूत बाजूला यायला हवा होता.

काय झालं ते कळायला आता वेळ लागला नाही. जे लाकूड उष्णतेने वाकतं, ते उष्णतेनेच सुटतं. अकरा दिवस त्यांनी मानेला बल्बची ऊब दिली होती. तेल गेलं, आणि तेलाबरोबर बाकही सैल झाला. तरी शिकंजे लावताना ते धरून ठेवता आलं असतं. पण पन्नास वर्षांत शेकडो दस्ते केले, सगळे उजव्या खांद्याचे, सगळे सरळ. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. दोरा मधोमध आला की काम चोख, एवढंच हातांना ठाऊक. मशीन जे करणार होतं तेच त्यांनी केलं होतं, आणि वर खूश झाले होते.

"ताई, अगं..."

"काय अगं?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. काकांनी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. "आईने माझ्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात दिला. शाळेत बाईंनी पट्टी मारून पेन्सिल बदलली. सासरी सासूबाई म्हणाल्या, डाव्या हाताने काम करणारी सून म्हणजे लोक हसतील. तीस वर्षं उजव्या हाताने भाज्या चिरल्या मी, ही बघ बोटं! सगळ्या जगात एक वस्तू होती जी कोणीतरी माझ्यासाठी वाकडी केली होती. एक! तीसुद्धा सरळ करून आणलीस? आणि म्हणे, लावून बघ!"

"तूच म्हणायचीस, जाऊ दे..."

"मी म्हणायची! मी जाऊ दे म्हटलं म्हणून तू जाऊ द्यायचं होतंस? काय फरक आहे रे तुझ्यात आणि त्या चिटणिसात? तो चहा पीत होता, तू पीत नव्हतास, एवढाच ना?"

काकांनी आयुष्यभर लोकांना झापलं होतं. आज त्यांनी झापून घेतलं, कारण ती बोलली त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी दस्ता उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन किटलीत पाणी ठेवलं.

सरसाची हीच तर खुबी. वाफ दिली की सुटतो. ते पाच मिनिटांत दगड होणारं द्रव्य वापरलं असतं तर संपलंच होतं सगळं. तासाभराने सांधा हलायला लागला, आणि वाफेने मानसुद्धा मऊ झाली. काकांनी नवा सरस लावला, शिकंजे अर्धवट आवळले, आणि ते सगळं लोढणं तसंच घेऊन बाहेर आले. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"माप दे," काका म्हणाले. "मी हातांवर विश्वास ठेवणार नाही आता."

ती उठली. काकांनी दस्ता टेबलाच्या कडेला बसवला, ती वाकून गाल टेकून उभी राहिली, आणि काका शिकंज्यात बारीक बारीक चिपा सरकवत गेले. एक. "नाही." दुसरी. "अजून." तिसरी, चौथी. ताईची पाठ दुखत असणार, पण ती हूं की चूं करेना. सहाव्या चिपेला ती म्हणाली, "थांब."

काकांनी शिकंजे पक्के आवळले आणि दोरा लावला. तीन सूत. पन्नास वर्षांनंतर, नुसत्या गालाच्या हाडावरून, तीन सूत. ना कमी, ना जास्त. त्यांनी ताईकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं म्हणे!

या वेळी त्यांनी दस्ता चार दिवस शिकंज्यातून काढला नाही. बल्ब तर त्या खोलीतूनच हलवला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी क्लबच्या शस्त्रांच्या खोलीत, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर, लोखंडाला काजळी लावून दाबत, खरवडत, पुन्हा दाबत त्यांनी रायफल जुळवली.

उद्घाटनाला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नवीन रंगाचा वास येत होता. ताई पहिल्यांदाच म्हणाली होती, मी येते. ती तिसऱ्या रांगेत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. टेबलावर एकीकडे रायफल आणि दुसरीकडे मशीनवर कापलेला नवा दस्ता, गुळगुळीत, पिवळट, कोणाचाच नसलेला. तज्ज्ञांनी मोजे घातले, सांध्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. माणूस खोटा नव्हता. मग त्यांनी रायफल उजव्या खांद्याला लावली आणि मान तिरकी झाली, अगदी भिंतीवरच्या अध्यक्षांसारखी. "पण काका, वाकडाच ठेवलात की हो."

"वाकडाच आहे तो," काका म्हणाले.

"अहो, पण मग निशाण कसं..."

"डाव्या खांद्याला लावून बघा," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

तज्ज्ञांनी बाजू बदलली. गाल टेकला. आणि तसेच राहिले. त्यांनी रायफल खाली घेतली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "हा डावखुऱ्या माणसाला मापून केलाय. अध्यक्ष डावखुरे होते?"

चिटणिसांनी फोटोकडे पाहिलं. "नाही बुवा. असं कधी ऐकलं नाही."

"मग कोणासाठी वाकवला?"

पन्नास वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर काकांच्या जिभेवर होतं, दातांपर्यंत आलं होतं. पण आता ते द्यायचा हक्क आपला नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. ते वळून तिसऱ्या रांगेकडे बघत राहिले.

ताई उभी राहिली. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पोस्टाचा सामना, दहा कागद. न रडता, न थांबता, बँकेत चुकीची नोंद दाखवावी तसं. चिटणीस घाईघाईने पुढे आले. "हे... म्हणजे समितीपुढे ठेवावं लागेल," ते म्हणाले. "काही कागदोपत्री पुरावा?"

"तो यांच्या हातात आहे," ताईने तज्ज्ञांकडे बोट दाखवलं. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि रायफल सांभाळून टेबलावर ठेवली. मशीनचा दस्ता त्यांनी टेबलाखाली सरकवला.

चिटणीस काकांकडे सरकले, आवाज बारीक करून म्हणाले, "ते बघू नंतर. निदान आजच्यापुरती अध्यक्षांची पट्टी तरी लावा. पाहुणे आलेत. पट्टी कुठेय?"

"ही घ्या." काकांनी खिशातून पट्टी आणि दोन स्क्रू काढून त्यांच्या हातात ठेवले. चिटणिसांनी दस्ता उलटसुलट करून पाहिला.

"स्क्रूची भोकं?"

"बुजवली. अक्रोडाचीच खुंटी मारून."

"अहो, का पण?"

"दुरुस्तीला दिलं होतंत ना?" काका म्हणाले. "जिथे जिथे मोडतोड झाली होती, ते सगळं दुरुस्त केलं."

समिती अजून विचार करते आहे. करू दे बापडी. रायफल कपाटात आहे, वाकडी, आणि पट्टी चिटणिसांच्या खणात पडली आहे.

त्या दिवशी भाऊबहीण चालतच घरी निघाले. मैदानाच्या कडेकडेने रस्ता जातो. जिथे पूर्वी कागदांच्या चौकटी असायच्या तिथे आल्यावर काकांना राहवलं नाही. "पण काय मारलं होतंस ग! शंभरात अठ्ठ्याण्णव!"

ताई जागच्या जागी थांबली.

"नव्व्याण्णव," ती म्हणाली.

"अगं, कागदावर अठ्ठ्याण्णव..."

"कागदावर काय लिहिलं ते मला सांगू नकोस. सातवी गोळी रेषेवर होती. भोक रेषेला शिवलं की वरचा गुण धरतात, असा नियम आहे. त्या दिवशी मी तिथे उभी होते. मी तेव्हाच्या चिटणिसांना म्हटलं, साहेब, शिवलंय. ते म्हणाले, अठ्ठ्याण्णवही पुष्कळ आहेत." "नव्व्याण्णव होते. तुझ्या त्या समितीला जाऊन सांग."